स्क्रू पान्याला पाचर : माझा अनुभव

साखर कारखान्याच्या मेंटेनन्सला असलेल्या माणसाची स्क्रू पान्यापासून, म्हणजे स्क्रू फिरवून जबडा कमीजास्त करता येतो त्या पान्यापासून, सुटका नाही. आमच्याकडे नव्या पंपांना मेट्रिक बोल्ट, आणि ऊस पिळणाऱ्या जुन्या मिलला, तिच्या गिअरिंगला अजून व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे. आमच्याकडच्या पाऊण इंची व्हिटवर्थ बोल्टचा नट समोरासमोरच्या बाजूंवर मोजला तर ३०.५ मिमी भरतो. त्याला तीसचा पाना चढत नाही, बत्तीसचा चढतो आणि नुसता डुलतो. व्हिटवर्थचे खास पाने स्टोअरमध्ये एकेकाळी होते म्हणतात. त्यामुळे ऑफ-सीझनला मिल उघडली की ज्याच्या त्याच्या हातात एक बारा इंची स्क्रू पाना, आणि ज्याच्या त्याच्या बोटांच्या पेरांवर त्याने सोललेल्या खुणा.

आमचे हेडफिटर, ज्यांना सगळी शॉप मामा म्हणते, नव्या पोरांना एकच सांगतात : "फिक्स पाना मिळत असेल तर याला हात लावू नका." बरोबरच आहे. पण मिळत नाही तेव्हा काय, यावर त्यांच्याकडेही शिवी सोडून उत्तर नव्हतं. त्या उत्तराच्या मागे मी लागलो.

स्क्रू पान्याची तक्रार सगळे एका वाक्यात करतात, "पाना ढिला होतो." नीट पाहिलं तर ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं म्हणजे काम करता करता वर्म, म्हणजे अंगठ्याने फिरवायचा तो खाचांचा स्क्रू, स्वतःहून थोडा थोडा फिरतो. पाना नटावरून काढा, पुन्हा घाला, हादरे बसू द्या, प्रत्येक वेळी जबडा केसभर उघडलेला. दुसरं दुखणं वर्म अजिबात न फिरताही असतं : सरकता जबडा हाताने ओढला तर तो मागेपुढे हलतो. हा खेळ नव्या पान्यातही असतो, कारण तो ठेवल्याशिवाय वर्म फिरणारच नाही. जुन्या पान्यात तो वाढत जातो.

आणि हा खेळच नट खातो. ३०.५ च्या नटावर जबड्यात एक मिमी ढिल असली तर पाना आधी तीनेक अंश रिकामाच फिरतो आणि मग टेकतो. तेव्हाही सपाट बाजूला बाजू टेकत नाही, नटाच्या कोपऱ्यावर जबड्याची रेघ टेकते. सगळा जोर त्या रेघेवर. कोपरा झिजला की पुढच्या वेळी ढिल आणखी वाढलेली. शेवटी नट गोल होतो, मग कोणीतरी व्हाइस ग्रिप, म्हणजे दाबल्यावर कुलूप बसणारी पक्कड, आणतो आणि उरलासुरला नटही संपवतो.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तो : वर्मलाच कुलूप. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझा एक मित्र लेथ चालवतो. त्याला म्हटलं, खिडकीच्या, म्हणजे वर्म बसतो त्या पान्यातल्या चौकोनी पोकळीच्या, कडेला भोक पाडू, एम-४ चे आटे पाडू आणि ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूने, वर्म दाबून धरू. त्याने पाना हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "चांगल्या पान्यावर मी हे करणार नाही. खिडकीच्या बाजूला मटेरियल आधीच कमी आहे, आणि तू नेमकं तिथंच भोक मागतोयस." शिवाय पान्याचं डोकं हीट ट्रीटमेंट केलेलं असतं. साधं ड्रिल त्यावर किंचाळतं, आणि मऊ करायला तापवलं की पाना पाना राहत नाही. त्याचं म्हणणं मला पटलं. तरी भंगारातला एक पाना होताच, त्याच्यावर कार्बाइड ड्रिलने प्रयोग करून पाहिला, नुसतं बघायला.

त्या प्रयोगातून सगळ्यात कामाची गोष्ट कळली. ग्रब स्क्रू आवळला, वर्म जागचा हलेना. मग मॅग्नेटिक बेसवर डायल गेज लावून जबड्याच्या टोकाचा खेळ मोजला. कुलूप नसताना जितका होता, कुलूप लावल्यावरही तितकाच. जबडा वर्मसकट हलत होता : वर्म फिरत नव्हता, पण त्याच्या पिनवर पुढेमागे सरकत होता, कारण वर्मचं तोंड आणि खिडकीची भिंत यांच्यात फट होती. म्हणजे फिरणं बंद करून अर्धंच काम होतं. बंद करायचं होतं ते सरकणं.

हे कळल्यावर मी जुनी पेटंटं वाचायला बसलो, आणि खरं सांगायचं तर त्यात रमलो. स्क्रूवर उघडणारा पाना इंग्लंडात रिचर्ड क्लायबर्नच्या नावावर १८४२ सालचा सांगतात. व्हिटवर्थने आट्यांचं माप ठरवून दिलं ते १८४१ मध्ये. म्हणजे मापं एकसारखी करायची खटपट आणि कुठल्याही मापाला चालेल असं हत्यार, दोन्ही एकाच सुमाराची. आज आपल्या हातात असतो तो घाट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनचा. एनशॉपिंग गावात त्याचा कारखाना होता, पेटंट १८९२ चं, आणि त्याच्यातूनच पुढे बाको हे नाव जगभर गेलं. अमेरिकेत जेम्सटाउनच्या क्रेसंट कंपनीने १९०७ नंतर तोच प्रकार इतका विकला की तिथे या पान्याला क्रेसंटच म्हणतात. व्हाइस ग्रिपही असाच एका लोहाराच्या डोक्यातून निघालेला, नेब्रास्कातल्या डी विट गावच्या विल्यम पीटरसनचा, कुलपाच्या दांड्याचं पेटंट १९२४ चं.

स्क्रू पान्याला कुलूप लावणारी पेटंटं तर ढिगाने आहेत. कोणी वर्मच्या खाचांत अडकणारा खटका लावलाय, कोणी पिनलाच एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकवलेली, केलंय, कोणी दांड्यातून लांब स्क्रू आणून जबड्याची शेपटी दाबलीय. वाचताना दोन गोष्टी जाणवल्या. खटकेवाले बहुतेक सगळे पहिल्या दुखण्यावरच थांबलेत. आणि जवळजवळ सगळ्यांना पाना मुळातूनच वेगळा घडवावा लागतो. माझ्यासारख्याला हवं होतं ते असलेल्या पान्यावर बाहेरून चढवता येईल असं काहीतरी.

खटक्याचा विचार मीही केला होता. वर्मच्या एका फेऱ्यात जबडा समजा तीन मिमी सरकतो आणि परिघावर वीस खाचा आहेत, तर एका खाचेला ०.१५ मिमी. म्हणजे खटका बसेल तिथे जबडा नटाला घट्ट असेलच असं नाही, अर्धी खाच इकडेतिकडे. शिवाय खाचा फक्त आट्यांच्या माथ्यावर असतात, मध्ये दरी. खटक्याचं टोक किमान दोन माथ्यांवर टेकेल इतकं रुंद हवं, नाहीतर ते दरीत उतरतं. करता आलं असतं. पण खेळ तसाच राहणार असेल तर करायचं कशाला?

उत्तर गावाकडचंच निघालं. कुदळ दांड्यात ढिली झाली की आपण पाचर ठोकतो. फट आहे तिथे फट भरायची. वर्म आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये पाचर गेली की वर्म सरकणार नाही, आणि तोंडावर दाब आल्यामुळे फिरणारही नाही. दोन्ही दुखण्यांना एकच औषध.

कुठल्या बाजूला घालायची हा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा. नट जबड्याला उघडायला बघतो. जबडा वर्मला रेटतो तो पक्क्या जबड्यापासून लांब. म्हणून पाचर वर्मच्या त्या लांबच्या तोंडाशी हवी. आधी अंगठ्याने वर्म पक्क्या जबड्याकडे दाबायचा, म्हणजे सगळी फट मागे येते, आणि मग पाचर. दुसऱ्या बाजूला घातली तर उलट वर्म मागे ढकलला जातो आणि नट होता त्याहून ढिला होतो.

पाचर केली ती हॅकसॉच्या तुटक्या पात्याची. पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं. दात ग्राइंडरवर उडवले, पाणी मारत मारत, कारण जास्त तापलं की पातं मऊ पडायची भीती. मग चौदा मिमी लांबीत जाडी ०.२५ पासून ०.६५ पर्यंत चढवत नेली. चढ इतका कमी असल्यामुळे दाब आला तरी पाचर आपोआप मागे सरकत नाही. खिडकीच्या मधून वर्मची पिन जाते, म्हणून पाचर सरळ पट्टी असून चालत नाही, तिला मधे खाच पाडून दोन टांगांची करावी लागते, पिनच्या दोन्ही बाजूंनी उतरेल अशी. दोन्ही टांगांचा चढ सारखा हवा. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. एक टांग जरा जाड राहिली की वर्म तिरका दाबला जातो आणि पाचर काढल्यावर फिरताना अडकतो. एवढं कडक पातं कानशीने घासलं जात नाही, ऑइल स्टोनवर मायक्रोमीटर लावत लावत आणावं लागतं.

ती धरायला पान्याच्या मानेवर एक पकड केली. २० बाय ३ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, दोन एम-४ बोल्ट, आतून चामड्याचा तुकडा. पकडीतून स्प्रिंग स्टीलची पातळ जीभ खिडकीवर येते, तिच्या टोकाला छोट्या काटकोनी पट्टीवर पाचर रिव्हेट केलेली. अंगठ्याने जीभ दाबली की पाचर आत, कडेला नख घालून उचलली की बाहेर. पान्याचं डोकं दांड्याशी तिरकं असतं, माझ्याकडच्यात साडेबावीस अंश, त्यामुळे जीभही तेवढीच तिरकी काढावी लागली. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून मग पत्र्याला हात लावला.

डायलवर पुन्हा मोजलं. ज्या पान्याचा खेळ ०.९ मिमी होता तो पाचर घातल्यावर ०.४ वर आला. शून्य नाही. उरलेला खेळ जबडा त्याच्या खोबणीत डुलतो त्याचा आहे, आणि वर्म-दातांच्या झिजेचा. त्याला बाहेरून काही करता येणार नाही. पण ३०.५ च्या नटावर फरक हाताला लगेच कळतो, पाना टेकतानाचा तो खट् असा आवाज जवळजवळ गेला. मामांनी एक नट सोडवून पाहिला, पाना परत दिला आणि विचारलं, "हे सुटून मिलमध्ये पडलं तर?"

हा प्रश्न साखर कारखान्यातलाच माणूस विचारू शकतो. उसाबरोबर लोखंडाचा तुकडा रोलरमध्ये गेला की रोलरचे दात जातात, म्हणून तर ऊस वाहून आणणाऱ्या कॅरियरवर मॅग्नेट बसवलेले असतात. इथे मी एक नवा सुटा तुकडा घेऊन मिलवर चढत होतो. आता पकडीच्या बोल्टना हादऱ्यांनी न सुटणारे नायलॉक नट आहेत आणि जीभ, पकड, पाना तिन्ही एका बारीक वायररोपने बांधलेले. सेफ्टीच्या साहेबांनी पान्याला भोक नाही हे स्वतः तपासलं, तेव्हाच परवानगी दिली. दांड्यावर पाईप घालून लांबी वाढवायची नाही ही अटही घातली. ती पाचरीआधीही होतीच, पाळत कोणी नव्हतं.

मग सगळ्यांनी डोक्यात भरवलं की पेटंट घे. चौकशी केली. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये, तपासणीची विनंती करायला आणखी ४०००, आणि आधी तात्पुरता मसुदा देऊन पूर्ण मसुद्याला बारा महिने घेता येतात. आपल्या भागाचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला, पण अर्जासाठी जायची गरज नाही. म्हणजे सरकारी फीचं ओझं नाही, खर्च मसुदा लिहून घेण्याचा. खरी अडचण कायद्यात आहे. १९७० च्या कायद्याचं कलम ३(एफ) म्हणतं की माहीत असलेल्या वस्तूंची नुसती नवी जुळवणी, जिच्यात प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करते, तिला शोध म्हणता येत नाही. माझी पाचर जुनी, पकड जुनी. दोन्ही मिळून काहीतरी वेगळं घडतं असं वकिलाने मांडलं असतं कदाचित. पण वर्मच्या तोंडाशी दाब आणणारी जुनी पेटंटं मी स्वतः वाचली होती, ती नाहीत असं मला लिहिता आलं नसतं. ज्यांची कल्पना खरंच नवी आहे त्यांनी अर्ज करण्याआधी चारचौघांत दाखवू नये, आणि गांधीनगरजवळच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे जरूर विचारावं. पदवीचा शिक्का नसलेल्या, गावाकडच्या कारागिरांसाठीच ती संस्था आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर हे इथे मापांसकट लिहून टाकलं, त्यामुळे तो विषय मिटला.

ज्यांना करून बघायची आहे त्यांच्यासाठी एवढंच. मळी आणि भुशाचा चिकटा खिडकीत साठतो, पाचर घालण्याआधी तो डिझेलने धुवा, नाहीतर चिकट्यालाच घट्टपणा समजाल. आठ इंची पान्यात पिन आणि खिडकी इतकी लहान असते की दोन टांगांची पाचर टिकाऊ होत नाही, दहा इंचीपासून पुढे करा. आणि सगळ्यात आधी वर्मच्या तोंडाशी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, घालून फट मोजा. ०.१५ च्या आत असेल तर पाचरीची गरज नाही. एक मिमीच्या वर गेली असेल तर पाना भंगारात टाका.