हात आखडता घेताना

ठकी आमच्या घरी आली तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. पुण्याच्या टिंबर मार्केटातल्या एका वखारीत, सागवानी फळ्यांच्या थप्पीमागे तिचा जन्म झाला आणि तिथल्याच भुशात ती वाढली. वखारीच्या मालकांनी पुठ्ठ्याचे खोके माझ्या हाती देताना, "जपून हं, अंगाला हात लावू देत नाही ती," असे बजावले होते. पण असले इशारे इतरांसाठी असतात, आपला हात मात्र मांजरांना ओळखतो, अशी माझी जुनी समजूत होती. पंधरा दिवसांनी माझ्या उजव्या मनगटावर नऊ ओरखडे होते आणि ठकीची पाठ माझ्या तळव्याला अजून धड लागलेली नव्हती.

ती रानटी होती म्हणावे, तर तसेही नाही. ती आमच्या देखत जेवत असे, इस्त्रीच्या कपड्यांवर झोपत असे आणि सकाळी मी वर्तमानपत्र उघडले की माझ्यापासून बरोबर दोन वितींवर येऊन बसत असे. ती दोन वितींची जागा ओलांडण्याचा अधिकार तिने स्वतःकडे राखून ठेवला होता. माझा हात पुढे झाला की आधी तिचे कान आडवे होत, मग तापत्या दुधावरची साय थरथरावी तशी पाठीची कातडी सरसरून जाई, शेपटीचे टोक फरशीवर आपटू लागे आणि एवढे सगळे करूनही हात मागे गेला नाही, तरच पंजा येई. आमच्या आईच्या हे पहिल्या आठवड्यातच ध्यानात आले होते. "अरे, ती तीनदा सांगते, चौथ्यांदा मारते," असे ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख पटण्याचा काळ फार लहान असतो. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत जे हात त्याला उचलतात, ते हात त्याच्या जगाचा भाग होतात. त्यानंतर भेटलेला माणूस त्याला सवयीचा होऊ शकतो, परंतु त्याला वेळ लागतो. ठकीचे ते पाच आठवडे करवतीच्या आवाजात गेले. तिच्या लेखी वरून खाली येणारी वस्तू म्हणजे निसटलेली फळी, नाही तर झडप घालणारा कावळा. मी मोठ्या प्रेमाने तिच्या डोक्यावर नेत असलेला तळवा त्याच दिशेने येत होता, हे मला कळायला नववा ओरखडा लागला.

त्यात एक बारीकशी भर होती. एके दिवशी चटईवर तांदळाच्या कणीएवढे काहीतरी टोकदार सापडले, ते तिच्या दुधाच्या दातांपैकी एक निघाले. साडेतीन-चार महिन्यांपासून सहाव्या महिन्यापर्यंत पिल्लांचे दात बदलतात, हिरड्या हुळहुळतात आणि समोर येईल ते चावावेसे वाटते. अशा वेळी जबड्याशी आलेले बोट तिने चावले, यात कृतघ्नता शोधणारा मीच. एकदा पशुवैद्यांनाही दाखवून घेतले, कारण दुखणारे मांजरही हात झिडकारते. तिच्या अंगात काही दुखणे नव्हते.

खरी चूक माझ्या गोंजारण्याच्या पद्धतीत होती आणि ती पद्धत मी गोठ्यात शिकलो होतो. आजोळी गाईच्या गळ्याची पोळी खाजवली की ती मान उंचावून डोळे मिटत असे. पाठीवर थाप दिली तरी तिची ना नसे. मांजराच्या अंगाचा नकाशा वेगळा आहे. त्याच्या गालांत, हनुवटीत आणि कानांच्या पुढच्या भागात गंधग्रंथी असतात आणि तिथला स्पर्श त्याला सहसा रुचतो, कारण ओळखीची मांजरे भेटल्यावर एकमेकांना डोके आणि गालच घासतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांजरांच्या शरीरावर निरनिराळ्या ठिकाणी हात फिरवून पाहिला, तेव्हा शेपटीच्या मुळाशी झालेला स्पर्श त्यांना सर्वांत नकोसा ठरला. मी मात्र कपाळापासून शेपटीपर्यंत, रंधा मारावा तसा एकच लांब हात फिरवू पाहत होतो. लग्नघरात गाल ओढून "केवढा मोठा झालास रे!" म्हणणाऱ्या दूरच्या काकांपासून लहानपणी मी दाराआड लपत असे, तो काका आता मीच झालो होतो.

सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, अवघ्या ४० सेंटिमीटरवर, जेमतेम आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. त्या माणसाला ते मांजर आपल्या अंगाला हात लावू देत होते का, ते हाडांवरून कळत नाही. अंतर मात्र दोन वितींचेच आहे. मांजर माणसाजवळ आले ते धान्यावरच्या उंदरांमागे. ठकीच्या आईचा वखारीशी असलेला करारही तसलाच, उंदीर मारायचे आणि राहायचे. त्या करारात कुरवाळून घेण्याचे कलम नव्हते.

"अहो, तिलाच येऊ द्या ना जरा," असे पत्नीने अखेर सुनावले, तेव्हापासून मी हात आखडता घेतला. आता मी तिच्याकडे टक लावून पाहत नाही. नजर मिळालीच तर पापण्या सावकाश मिटतो. मांजर डोळे मिटून दूध पिते, या म्हणीने आपण मिटल्या डोळ्यांवर लबाडीचा शिक्का मारून ठेवला आहे, पण असे हळूच डोळे मिटणाऱ्या माणसाजवळ मांजर अधिक सहज येते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. ठकीनेही चौथ्या दिवशी उलट डोळे मिटले.

परवा सकाळी तिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला गाल घासला, मग माझ्या चष्म्याच्या घराला. मी गुडघ्यावर एक बोट, वाकवून, तिच्या नाकाच्या उंचीवर नुसते ठेवून दिले. तिने ते हुंगले, त्याला लागलेल्या चहाच्या वासाचा विचार केला आणि गालाची एक बाजू त्यावरून ओढून नेली, मग दुसरी. मी कानाच्या पुढे दोनदा खाजवले. तिसऱ्या वेळी शेपटीचे टोक किंचित हलले. मी बोट काढून घेतले आणि पान उलटले. ती उठून जाईल असे वाटले होते. ती तिथेच, दीड वितीवर, पाय पोटाखाली घेऊन बसली.