जीपचं पेट्रोल टाकीचं झाकण: अडीच महिन्यांची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की जीप पसरणी घाटात बंद पडते आणि कारण सापडत नाही. कारण सापडलं. ते इंजिनात नव्हतंच, टाकीच्या तोंडावर होतं. सगळं सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखंच चकचकीत कुलपाचं झाकण बसवलेलं मी पाहिलंय.

गाडी १९७४ ची सीजे-३बी, हरिकेन इंजिन, २१९९ सीसी. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, सुमारे ४० लिटरची, आणि भरायचं तोंड उजव्या अंगाला उघड्यावर. दिवाळीत रंगकाम झालं तेव्हा जुनं झाकण गंजलेलं, त्याच्या आतलं पॅकिंग तुकडे होऊन पडलेलं. पेट्रोल चोरीचीही भीती होती. म्हणून बाजारातून किल्लीचं क्रोम झाकण आणलं. चपखल बसलं, दिसायलाही छान. त्यानंतर पंधरा दिवसांत त्रास सुरू झाला.

त्रासाची तऱ्हा अशी. वाईत टाकी फुल्ल करायची, पाचगणीकडे निघायचं. घाट अर्धा चढला की गाडी ओढ सोडते, दोन-चार झटके देते, बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. थंड झाली की चालते म्हणजे वाफ धरतेय, म्हणजे गरमीने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतोय, असं मिस्त्रींसकट सगळ्यांचं मत पडलं. जुन्या ड्रायव्हरांच्या पद्धतीने इंजिनाच्या पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळलं. पाइप एक्झॉस्टपासून लांब घेतला. पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पडदा) बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडला, फ्लोटची सुई नवी टाकली. दोन महिने यात गेले आणि दर फुल्ल टाकीला गाडी तिथेच उभी.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. टाकी अर्धी असली की गाडी कधीच बंद पडत नव्हती. मेकॅनिकल पंपाला टाकी भरलेली असणं उलट सोयीचं, पेट्रोल कमी उंचीवरून ओढावं लागतं. मग भरलेल्या टाकीलाच का?

उत्तर मिळालं ते काट्यामुळे. गेजचा काटा भरवशाचा नाही, म्हणून एकदा घाटात बंद पडल्यावर टाकीत काठी घालून पाहायला झाकण फिरवलं. झाकण सहज निघेना. जोर लावल्यावर सुटलं आणि हवा आत शिरल्याचा लांबलचक आवाज आला, पाठोपाठ सीटखाली पत्र्याचा "डब्ब" असा आवाज. आत दबलेला पत्रा परत जागेवर आला होता. झाकण नुसतं वर ठेवून सेल्फ मारला. पंपाची काचेची वाटी डोळ्यांदेखत भरली आणि गाडी चालू झाली. अजिबात थंड न होता. मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "दादा, झाकण न लावता वर तेवढं फडकं बांधा आणि आधी खाली या. मग बघू."

या जीपच्या काळात टाकी श्वास घेते ती झाकणातूनच. पेट्रोल जितकं इंजिनाकडे जाईल तितकी हवा आत यायला हवी. माझ्या नव्या झाकणाला हवेची वाटच नव्हती. आता हिशोब बघा. फुल्ल टाकीत वर समजा ३ लिटर हवा उरली. घाटात जीप दोन लिटर सहज पिते. म्हणजे तीन लिटरची हवा पाच लिटरच्या जागेत पसरणार. पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, तरी टाकीतला दाब चांगलाच उतरतो, आणि डायफ्रॅमच्या पंपाला त्या ओढीविरुद्ध पेट्रोल खेचणं जमत नाही. वर दाब कमी झाला की पाइपातलं पेट्रोल कमी तापमानालाच उकळू लागतं, म्हणजे वाफ धरल्याची लक्षणंही खरीच होती. टाकी अर्धी असेल तर २० लिटर हवेला २२ लिटर जागा, फरक जाणवतच नाही. आणि वीस मिनिटं थांबल्यावर गाडी चालू व्हायची ती थंड झाल्यामुळे नव्हे, पॅकिंगच्या कडेने हळूहळू हवा शिरल्यामुळे.

झाकणाला एक मिलिमीटरचं भोक पाड, असा सल्ला तीन जणांनी दिला. मी ते केलं नाही आणि कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या जीपला तोंडावर दार नाही, पावसाचं पाणी थेट झाकणावर पडतं. सरळ भोकातून ते आत जाणार, आणि वळणावर पेट्रोल बाहेर येणार. माझ्या जुन्या झाकणात बाहेरच्या पत्र्याचं भोक आणि आतल्या पत्र्याचं भोक समोरासमोर नाहीत. मध्ये पोकळी आहे. हवा वळसा घेऊन येते, हिंदकळलेलं पेट्रोल तिथेच अडतं. म्हणून जुनंच झाकण दुरुस्त करायचं ठरवलं. नशिबाने ते हत्यारांच्या डब्यात होतं.

गंज काढायला झाकण दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवलं, मग पितळी ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर. आतली पट्टीची स्प्रिंग शाबूत निघाली. बाहेरच्या भोकात मात्र रंगाचा थर घट्ट बसला होता, कधीतरी कुणीतरी झाकणासकट स्प्रे मारलेला. तो बारीक तारेने मोकळा केला. तपासायला साठ मिलिलिटरची सिरिंज आणि रबरी नळीचा तुकडा पुरतो. नळी आतल्या भोकावर दाबून धरायची आणि दांडा ओढायचा. दांडा परत खेचला गेला तर वाट बंद. सहज आला तर झाकण श्वास घेतंय. क्रोमच्या झाकणावर जागा बदलून बदलून हेच केलं, दांडा दर वेळी टणकन मागे गेला. तोंडाने ओढून बघू नका, पेट्रोलचा अंश पोटात जातो.

पॅकिंगला जास्त वेळ दिला. आमच्याकडे सर्रास सायकलच्या ट्यूबमधून वायसर कापून टाकतात. ट्यूबचा तुकडा, काळ्या नायट्राइल रबराचा आणि व्हायटॉन नावाच्या रबराचा, असे तीन तुकडे काचेच्या बरणीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये ४८ तास ठेवले. बरणी झाकण लावून, घराबाहेर, सावलीत. ट्यूबचा तुकडा फुगून वाकडा झाला, नखाने ओढला तर फाटला. नायट्राइल ३ मिलिमीटरचं ३.२ झालं, किंचित मऊ पडलं. व्हायटॉनमध्ये जाडी मोजायच्या व्हर्नियरला फरक दिसला नाही. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून मी व्हायटॉन घेतलं. महाग आहे, पण तळहाताएवढा तुकडा पुरला. नाना पेठेत विचारत फिरलो तेव्हा शेवटी स्पेअर पार्टच्या नव्हे तर औद्योगिक रबराच्या दुकानात मिळालं.

इथेनॉलची दुसरी बाजू पाणी. इथेनॉल पाणी स्वतःत ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात. पंपाची नळी तळातूनच ओढते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी पॅकिंग बघणं हे माझ्या यादीत आता ऑइल बदलण्याच्या बरोबरीचं काम आहे.

टाकीच्या तोंडाची कडही पाहिली. झाकणाचे दोन कान जिथे अडकतात तिथे गंजाचे फोड होते, नवं पॅकिंग त्यावर कधीच बसलं नसतं. आत सुती कापडाचा बोळा घट्ट कोंबला, त्याला दोरी बांधली, आणि कड हाताने घासली. ग्राइंडर किंवा ड्रिल टाकीजवळ नेलं नाही. तुम्हीही नेऊ नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आत वाफ असते.

नव्या गाड्यांच्या मालकांनी हे उलटं समजू नये. त्यांची टाकी पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यातून श्वास घेते, तिथे झाकण घट्टच हवं आणि "टक टक" वाजेपर्यंत फिरवायचं. तिथे जुन्या जीपचं उघडं झाकण लावलं तर पेट्रोलची वाफ सतत उडत राहील.

सध्याची स्थिती: फुल्ल टाकीवर तीनदा पाचगणी करून आलो. एकदाही थांबलो नाही. तिसऱ्या वेळी पाचगणीत झाकण मुद्दाम उघडून बघितलं, ना आवाज, ना ओढ. किल्लीचं झाकण काढून ठेवलंय. चोरी टाळायला टाकीच्या पाइपावर पेट्रोल बंद करायची छुपी चावी बसवणार आहे.

एक गोष्ट राहिली. डाव्या तीव्र वळणावर, टाकी काठोकाठ असली तर, झाकणाच्या कडेला अजून ओल दिसते. तोंड उजवीकडे असल्याने पेट्रोल त्याच बाजूला ढकललं जातं. मला संशय कानांच्या स्प्रिंगवर आहे, तिचा दाब कमी झाला असावा. पुढच्या रविवारी पॅकिंगखाली अर्ध्या मिलिमीटरची पितळी चकती घालून बघतो. कुणी ही स्प्रिंग नवी करून घेतली असेल तर पत्र्याची जाडी कळवा.