काट्यामागचा गरा

बाबांच्या तेराव्याला पंगती उठल्या, पत्रावळी उचलून झाल्या आणि पाहुणे ओसरीवर सुपारी कातरत बसले. त्यांतल्या चौघांनी तरी मला एकच वाक्य ऐकवलं. "तुझो बापूस म्हणजे फणस रे. भायर काटे, भुतूर साखर." मी मान डोलावत राहिलो. आई दाराशी बसली होती. चौथ्यांदा ते ऐकल्यावर ती उठून आत गेली. रात्री भांडी पुसताना, माझ्याशी नाही, हातातल्या टोपाशी बोलावं तसं म्हणाली, "फणस पिकलो तर वास तरी सुटता."

दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

बाबांच्या पश्चात सात-बारावर माझं नाव चढलं, तसा हा फणसही आपसूक माझ्या नावावर झाला. मुलीच्या लग्नात मेव्हण्यानं व्याह्यांशी माझी ओळख करून दिली तीच मुळी, "आमचे भावोजी फणस हत, भियाव नकात," अशी. सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एकदा तुम्हाला फणस ठरवलं की चार गोड शब्द बोलायची जबाबदारी संपते. आत गरे आहेत हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. तुम्ही आपले काटे तेवढे नीट सांभाळायचे.

ही उपमा ज्यानं काढली त्यानं जन्मात फणस खाल्ला असेल, फोडला नसणार. आमच्याकडे मागच्या परड्यात दोन झाडं आहेत, एक काप्याचं, म्हणजे घट्ट गऱ्यांचं, आणि एक बरक्याचं, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचं. कापा पाहुण्यांसाठी. बरका घरच्यांसाठी, सांदणांसाठी (वाफवलेल्या गोड वड्या) आणि साठं (वाळवलेली फणसपोळी) घालायला. पिकलेला फणस थाप मारून ओळखतात. कच्चा असेल तर ठणठणीत आवाज येतो, पिकला की बदबदीत. मग जमिनीवर गोणपाट घालायचं, त्यावर केळीची पानं. वाटीत खोबरेल. ते सुरीला लावायचं आणि हाताला कोपरापर्यंत चोळायचं. फणस उभा चिरला की आधी येतो तो चीक, पांढरा, दोऱ्यासारखा लांबत जाणारा. तो जुन्या कागदानं टिपायचा. मधला दांडा कापून काढायचा, मग पाती बाजूला सारत एकेक गरा सोडवायचा, आठळ्या वेगळ्या करायच्या. मोठा फणस असेल तर तास मोडतो, कंबर मोडते ती वेगळीच. बोटांना लागलेला चीक साबणाला दाद देत नाही, पुन्हा तेलच लावावं लागतं, आणि नखांत तो दोन दिवस राहतो.

एवढं सगळं चाललेलं असताना फणस काय करतो? पडून असतो.

आमच्या घरात फणस आई फोडायची, आता बायको फोडते. बाबा आणि मी ताटलीत आलेले गरे खाऊन "गोड आसा" असा निकाल देत आलो. आत साखर असल्याची ग्वाही देणारे नेहमी ताटलीवालेच असतात. चीक लागलेल्या हातांना कुणी विचारत नाही.

(फणसाची कदर आम्हाला तशीही नाहीच. केरळनं २०१८ साली त्याला राज्यफळ करून टाकलं. सगळ्यात जड फणसाचा विक्रम, ४२.७२ किलोचा, २०१६ पासून पुण्याच्या नावावर आहे. पुण्याच्या! आमच्याकडे जून लागला की झाडाखाली पडलेले फणस गुरं खातात आणि आम्ही नाक दाबून जातो.)

तर गेल्या वर्षी मृग अर्धा सरला होता. खळ्यातल्या, म्हणजे पुढच्या अंगणातल्या, चिऱ्यांवर शेवाळ धरलं होतं आणि त्यावर झावळ्या टाका म्हणून बायको आठवडाभर सांगत होती. टाकतो, टाकतो म्हणत एका सकाळी मीच त्यावरून घसरलो. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

डाव्या हातानं पायजम्याची नाडी बांधता येत नाही हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. पहिल्या दिवशी बायकोनं आपणहून बांधली. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर होती. तिला हाक मारून "नाडी बांध" म्हणण्यापेक्षा मी नाडी मुठीत धरून, त्यावर कसाबसा शर्ट ओढून, रिक्षानं बाजारात गेलो आणि इलास्टिकच्या दोन पँटी घेऊन आलो. पाकीट होतं उजव्या खिशात आणि डावा हात गुंतलेला. म्हणून दुकानदाराला म्हटलं, जरा पाकीट काढ रे. त्यानं माझ्या खिशात हात घालून ते काढलं, पैसे मोजून घेतले, पाकीट परत ठेवलं. मला काडीचाही संकोच वाटला नाही. ज्या माणसाचं नावसुद्धा मला धड ठाऊक नाही, त्याला खिशात हात घालू दिला, आणि जिच्याबरोबर सत्तावीस वर्षं संसार केला तिला नाडी बांध म्हणवेना. हे घरी येताना रिक्षात लक्षात आलं. चालकाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात प्लास्टरच्या आत खाज सुटली. ज्यांना कधी प्लास्टर पडलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल, बाकीच्यांनी नशीबवान समजावं. दिवसा जाणवत नसे. रात्री पाऊस लागला, पागोळ्यांचा आवाज सुरू झाला की नेमकी कोपराच्या खाली, जिथे काही पोचणार नाही अशा जागी ती सुरू व्हायची. डॉक्टरांनी आत काही घालू नका म्हणून बजावलं होतं. मी केरसुणीतला एक हीर काढून घेतला आणि अंधारात, बायकोला धक्का लागू नये म्हणून श्वास धरून, डाव्या हातानं तो आत सारत राहिलो. दोन रात्री. दुसऱ्या रात्री हीर आत मोडला.

सकाळी चादर झटकताना तिला उरलेला तुकडा मिळाला. मला वाटलं, हसेल. ती चिडली.

"माका उठवलास कित्याक नाय?"

"झोपली होतीस. तुला कशाला त्रास."

ती काही बोलली नाही. चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "तुमी जल्मात कधी काय मागलास नाय. मगे माका मागूक लाज वाटता."

मी म्हटलं, दिवसातनं चार वेळा चहा कोण मागतो? "ता मागना न्हय," ती म्हणाली, "ती ऑर्डर." आणि प्लास्टरमधला तुकडा काढायला चिमटा शोधायला गेली.

मला तिचं ते पहिलं वाक्य उतरायला बराच वेळ लागला. मी आजवर हिशेब असा धरला होता की आपण कुणाचं काही घेत नाही, म्हणजे आपण कुणावर भार नाही, म्हणजे आपली किंमत शाबूत. हा हिशेब बाबांचाच. शेवटच्या दुखण्यात तांब्या हाताला लागत नव्हता तरी त्यांनी कधी पाणी मागितलं नाही. सांडलं तर आपल्याच पंच्यानं पुसून ठेवायचे. "अडला हरी गाढवाचे पाय धरी" ही त्यांची आवडती म्हण. यात हरी कोण आणि गाढव कोण हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं, आणि घरातलं जे कुणी जवळ असेल ते त्या क्षणापुरतं गाढव व्हायचं, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं असेल असं वाटत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

पण न मागणारा माणूस घरात असला की बाकीच्यांची मागायची सोय जाते, हे कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ लागली होती. ती शेजारच्या काकींना घेऊन कुडाळला गेली, तपासून आली, निघालं काही नाही. मला कळलं दोन महिन्यांनी, गॅसचं पुस्तक शोधताना पावती हाती आली तेव्हा. "तुमका कित्याक काळजी," असं म्हणाली. आणि मी काय केलं, तर मित्रांना कौतुकानं सांगितलं, बायको माझी खंबीर आहे हां. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. त्या दोन महिन्यांत ती माझ्या शेजारी झोपत होती. अहवाल येईपर्यंतच्या रात्री तिनंही श्वास धरूनच काढल्या असतील.

जुलै लागता लागता झाडावरचा शेवटचा बरका उतरवला. पावसातला फणस पाणचट होतो, पण टाकवत नाही. भाचा आला होता. तो दापोलीला कृषी विद्यापीठात शिकला, आता नर्सरी चालवतो. बायको फोडायला बसली, मी समोर नुसता बसलो, आणि हा पोरगा एक काटा नखानं दाखवत म्हणाला, "मामा, हे एक फळ नाय. शेकडो फुलां एकत्र येऊन झालेला आसा. एकेक काटो म्हणजे एकेका फुलाचा टोक."

मग त्यानं रीतसर समजावलं. ज्या फुलात बी धरलं, त्याच्या वेष्टनाचा आतला भाग फुगतो, तो गरा. ज्यात धरलं नाही, त्याची पाती होते, ती आपण ओरबाडून टाकतो ती. बाहेरून दोघांचाही काटा सारखाच.

मी त्याला दोनदा विचारलं. म्हणजे प्रत्येक काट्यामागे गरा नसतो? "नाय ओ. बऱ्याच काट्यांमागे नुसती पाती."

हे ऐकल्यावर मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण ही भीती माझ्या ओळखीची होती. तिला नाव नव्हतं इतकंच. लोक म्हणत, आत गोड आहे. मी म्हणत असे, आहेच तर उघडायची घाई काय. खरं म्हणजे उघडलं आणि नुसती पातीच निघाली तर, हे आत कुठेतरी कायम होतं. "बरं वाटत नाही, जरा बस ना माझ्याजवळ" असं एखाद्यानं म्हटलं आणि समोरच्याला कामं आठवली, तर मग कळलंच की आपली किंमत किती ती. न मागता तो भाव गुलदस्त्यात राहतो. मी तो पन्नास वर्षं तसाच ठेवला होता आणि त्याला स्वाभिमान म्हणत होतो.

बाबांच्या आत गरे होते का? होते, असं मी धरून चालतो. सुरी कधी लावली नाही.

पुढे काय झालं म्हणाल तर फार काही नाही. मी मागायला शिकलो असं म्हणवत नाही. प्रयत्न केला. एकदा "शर्टाचं बटण लाव" असं म्हणायचं ते "बटण!" असं बाहेर पडलं. तिनं नुसतं बघितलं. मग मी म्हटलं, "लावतेस का." एवढ्या दोन शब्दांसाठी घशाला कोरड पडली होती, आणि तिनं बटण एक घर चुकवून लावलं ते मी दिवसभर तसंच ठेवलं.

प्लास्टर निघायला आठवडा उरला होता तेव्हाची रात्र. वीज गेलेली, बाहेर धो धो. फणसाच्या दिवसापासून तेलाची वाटी खिडकीतच राहिली होती.

"अवो. जागे आसास?"

मी जागा नव्हतो. झालो.

"पोटरीत गोळो इलो. चोळतास जरा?"

अंधारात वाटी शोधायला वेळ लागला. तेल गार पडलं होतं, बोटांच्या उबेनं ते जरा कोमट होऊ दिलं. उजवा हात प्लास्टरसकट उशीवर ठेवला आणि डाव्यानं चोळायला लागलो. डाव्या हाताला काही वळण नाही, ताकद कुठे किती लावायची कळत नव्हतं. तेलाला अजून फणसाचा वास होता.

"हय न्हय," ती म्हणाली. "वाईच खाली."