तीन चुका पोटात घालील एवढी उंची

मेरेवरच्या दुसऱ्या माडाला, नारळाच्या पेंडीला लागून, एक पिवळा पंख अडकलाय. खालून जाणाऱ्याला वाटतं, चुडत सुकलंय. पण सुकलेल्या चुडताची कड इतकी सरळ नसते आणि त्याच्या खालच्या अंगाला काळ्या मार्करने फोन नंबरही लिहिलेला नसतो. दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला की पंख जरासा हलतो. शेतात चरणारी गुरं मान वर करून बघतात आणि पुन्हा धसकटांत तोंड घालतात.

पंख 1400 मिलिमीटरचा आहे. म्हणजे ट्रेनर, रिमोटवर उडणारं शिकाऊ मॉडेल विमान. ट्रेनरचा पंख धडाच्या वर बसवलेला असतो आणि त्याची दोन्ही टोकं किंचित उचललेली असतात, त्यामुळे रिमोटच्या स्टिक सोडून दिल्या तरी ते थोडंफार स्वतःहून सरळ होतं. गरीब गाईच्या स्वभावाचं विमान. शिकणाऱ्याच्या हाती हेच द्यायचं, फायटर नाही. गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर बघून आलेलं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी फायटरच मागतं, तरीही नाही.

शिकवण्याचा या छंदातला एक जुना नियम आहे: विमान आधी तीन चुका पोटात घालता येतील एवढ्या उंचीवर न्यायचं, मग स्टिक पोराच्या हातात. आपल्याकडे मापाला माड असतोच. माडाच्या तिप्पट उंची, म्हणजे साधारण 60 मीटर. एक चूक पोराला कळायला, दुसरी त्याने स्वतः सुधारायला आणि तिसरी शिकवणाऱ्याची, कारण त्यालाही कधी कधी शिंक येते.

हे जमतं ते 'बडी बॉक्स'मुळे. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले, पूर्वी केबलने, आता बिनतारी. शिकवणाऱ्याच्या रिमोटवर स्प्रिंगचं एक बटण असतं. ते दाबून धरलंय तोवर विमान पोराचं, सोडलं की विमान आपलं. उडवण्याआधी जमिनीवरच दोन्ही रिमोटचे ट्रिम, म्हणजे विमान सरळ ठेवणाऱ्या बारीक जुळण्या, जुळवून घ्यावे लागतात आणि दोन्हींवर एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, एकाच दिशेला हलतात ना ते बघावं लागतं. हे राहिलं तर हातबदल होताना विमान दचकतं, आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. शिकवणाऱ्याच्या आळसाचं खापर पोराच्या डोक्यावर फुटतं ते असं.

हातबदल बोलून करायचा. शब्द दोनच. "तुझं." "माझं." बस्स. 'अरे अरे', 'सांभाळ', 'डावीकडे म्हटलं ना' यातलं काही नाही. चांगला शिकवणारा कोण हे लांबूनही ओळखू येतं: नाक खाली गेलं, विमान वळत वळत उतरू लागलं, तरी त्याचं बोट बटणावरून निघत नाही. एक चूक जाऊ देतो, दुसरीही बघतो. पोराचा अंगठा गोठलाय असं दिसलं की मगच शांतपणे "माझं", विमान सरळ, आणि दोन सेकंदांत परत "तुझं". ते दोन सेकंद महत्त्वाचे. विमान परत द्यायला पाच मिनिटं लावली की पोर उरलेला दिवस बूट बघत उभं राहतं.

विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं. नव्वद टक्के विमानं इथेच पडतात असं सगळेच सांगतात. मोजलेली मात्र कोणीच नसतात. यावर युक्ती एकच: जो पंख झुकतोय त्याच्याखाली स्टिक सारून टेकू द्यायचा. डाव्या हाताला झुकलेला दिसला, स्टिक डावीकडे. ही युक्ती कुठल्याही डब्यासोबत येणाऱ्या कागदावर सापडली तरी ती डोक्यात शिरते ती मैदानात, कोणाच्या तरी आवाजातून.

पण शिकवणं काही मैदानात सुरू होत नाही. ते सुरू होतं टेबलाशी, आणि आपल्या पोरांच्या बाबतीत त्याही आधी, दिवाळीत. नरकासुराच्या सांगाड्याला बांबू चिरलेला असतो, आकाशकंदिलाच्या कामट्या सोललेल्या असतात. कामटी मेणबत्तीवर धरून, न जाळता, हळूहळू वाकवायची कशी हे ज्या पोराला येतं, त्याला विमानाच्या पंखाचं गोल टोक करायला शिकवावं लागत नाही. त्याला फक्त सांगायचं, हाच कंदील, यात दिवा नाही एवढंच.

बाल्सा मात्र नवा असतो. इक्वेडोरमधून येणारं, कापसासारखं लाकूड. एकाच मापाच्या दोन शीट घ्या, 36 इंच लांब, 3 इंच रुंद, दीड मिलिमीटर जाड. एक 12 ग्रॅम भरेल, दुसरी 24. दुकानात किंमत तीच. जुना माणूस सोनाराच्या काट्यावर एकेक तोलतो, उजेडाकडे धरतो, आडवी वाकवून बघतो. सहज वळली ती पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळायला. ठिपकेदार, वाकवायला गेलं तर तुटेन म्हणणारी, ती फासळ्यांना आणि शेपटीला. पोराच्या पिशवीत हलकी शीट जाते आणि याच्याकडे 24 ग्रॅमची राहते. यावर कोणी काही बोलत नाही. पोराला ते कळायला पाच-सहा वर्षं लागतात, तेही स्वतः शीट तोलायला लागल्यावर.

गोंदावर मात्र सगळ्यांनी बोलावं. शेपूट तोलबिंदूपासून लांब, नाक जवळ. म्हणून शेपटीला एक ग्रॅम गोंद जास्त लागला की नाकाला दोन-तीन ग्रॅम माती. पोरं शेपटीलाच जास्त गोंद लावतात, कारण तीच हातात निखळलेली असते. थर्माकोलवर फेविक्विक घातलं की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, तिथे फेविकॉलच. पण फेविकॉलमध्ये पाणी असतं, पातळ लाकडाला एकाच बाजूने फासलं तर ते वाकतं. आणि ग्लू गनने बाल्सा चिकटवणाऱ्यांबद्दल या लेखात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

आपल्या पावसाळ्याची आणखी वेगळी तऱ्हा. जूनमध्ये पंखावर पातळ कागद ताणून त्याला डोप, म्हणजे कागद ताणून घट्ट करणारं वॉर्निश, मारलं की हवेतली ओल त्यात धरते आणि पंख पांढुरका पडतो, बुरशी आल्यासारखा. फेविक्विकला तर ओलच हवी असते, बाटली उघडी राहिली की दोन दिवसांत दगड. झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. घरातल्या बाईमाणसांशी या डब्यावरून होणारे वाद वेगळे. आणि पंख वाकडा झालाच तर चहाची किटली. वाफेवर पंख धरायचा, दोन्ही हातांनी उलट बाजूला पीळ द्यायचा, जरा जास्तच, आणि वाफेतून काढून थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. मिनिटभर हलायचं नाही. हे काम एका माणसाचं नाही. एक किटली बघतो, एक पंख धरतो. एका टोकाला शिरा उठलेले हात, दुसऱ्या टोकाला नखांत गोंद बसलेले, मध्ये वाफ. "सोडू काका?" "नको रे बाबू. अजून नको."

हाताने फेकायचं ग्लायडर घेऊन मग शेतात. सकाळी नऊच्या आत, वारा उठायच्या आधी. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्श्यावर. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, पंधरा पावलांवरच्या धसकटाकडे बघत नुसतं पुढे ढकलायचं. भिरकवायचं नाही. नाक उचलून थबकलं आणि पडलं, तर नाकाला मुगाएवढी माती. सरळ जमिनीत घुसलं, तर मुगाएवढी काढ. आणि एका वेळी एकच बदल. पोर माती लावतं, त्याच हाताने शेपूटही वाकवतं, आणि मग कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एक, हे बजावताना मात्र म्हातारे आवाज चढवतात.

ही देवाणघेवाण बरीच जुनी आहे. 1878 मध्ये मिल्टन राइट नावाच्या बिशपने प्रवासातून घरी येताना एक खेळणं आणलं: बूच, बांबू, कागद आणि पिळलेला रबर, सोडलं की छताकडे जाणारं. घरात विल्बर 11 वर्षांचा, ऑर्व्हिल 7 वर्षांचा. ते मोडेपर्यंत त्यांनी उडवलं, मग स्वतः केलं, मग मोठं केलं. आणि जितकं मोठं केलं तितकं ते कमी उडालं. खेळण्याची मूळ कल्पना आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाची. त्याने 1871 मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत रबरावरचं विमान 11 सेकंद उडवून दाखवलं होतं. माणूस नेण्याजोग्या विमानाला पैसे कोणी दिले नाहीत. 1880 मध्ये, तिशीत, त्याने आयुष्य संपवलं. अमेरिकेत सीडर रॅपिड्समधल्या एका घरात दोन पोरं छताकडे बघतायत हे त्याला कोणी कळवलं नाही.

असो. आता देणं दुसऱ्या बाजूनेही चालतं. लिथियम पॉलिमर बॅटरी म्हाताऱ्यांना पोरांनीच शिकवली: पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवू नका, फुगते, सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा. स्कूटरच्या डिकीत उन्हात तर नकोच. बारीक सोल्डरिंग आता पोरंच करतात, कारण चष्मा बदलूनही तार दिसत नाही. दाबोळी आणि मोपा, दोन विमानतळांच्या मध्ये राहणाऱ्यांनी ड्रोनचा नकाशा मोबाइलवर उघडून कुठे लाल, कुठे हिरवं ते बघायचं असतं, तेही पोरंच बघून देतात. म्हातारे त्या बदल्यात कपड्यांच्या चिमट्याची गोष्ट सांगतात. प्रत्येक फ्रीक्वेन्सीचा एक चिमटा असायचा. फळीवरून तो उचलल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही, नाहीतर दुसऱ्याचं उडतं विमान खाली. आता 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट आपापली फ्रीक्वेन्सी स्वतःच सांभाळतात, त्यामुळे पोरांना ते खोटंच वाटतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बडी बॉक्सही फिरते. आता बटण पोराच्या बोटाखाली आणि विमान काकांचं. पिवळ्या ट्रेनरचं नेमकं हेच झालं. वर सगळं ठीक होतं. उतरताना ऊन समोर आलं, माडाकडचा पंख झुकला. पोराला दिसलं. बघणाऱ्या सगळ्यांनाच दिसलं. बोट उचलायचं आणि एक शब्द म्हणायचा, "माझं". पण ज्यांनी आपल्याला 12 ग्रॅमची शीट दिली त्यांच्या हातातून विमान काढून घ्यायचं कसं? अर्धा सेकंद आदरात गेला. उतरताना तीन चुकांची उंची नसतेच, एकही पोटात मावत नाही.

"सॉरी काका."

"अरे, घ्यायचं रे!" काका एवढंच बोलले. मग बराच वेळ दोघे वर बघत उभे राहिले.

बॅटरी अजून वरच आहे, रिसीव्हरला जोडलेली. एक-दोन दिवसांतच ती पार उतरली असणार. खाली आली की चार्जरला लावायची नाही, सरळ निकालात काढायची. पंखाचं फाटलेलं प्लॅस्टिक इस्त्रीने पुन्हा बसेल. नारळ पाडणाऱ्या पाडेलीला विचारून झालंय. तो माडामागे पैसे घेतो. विमानाचे किती, म्हटल्यावर हसला. नारळांबरोबरच काढतो म्हणाला, त्यासाठी वेगळं कशाला चढायचं.

नारळ अजून तयार नाहीत.