विजा वाईटांच्याच हातात का?

"आत्या, चांगल्या लोकांना हातातून विजा का नाही काढता येत? मग वाईट होण्यातच फायदा आहे ना?"

दांडिया बाजारातल्या घरी भाच्यासोबत ‘स्टार वॉर्स’चा १९८३ चा भाग बघत होते. पडद्यावर दुष्ट सम्राट नायक ल्यूकवर हातातून विजा सोडत होता. प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

त्या विश्वात ‘फोर्स’ (या विजांमागची अदृश्य शक्ती) सगळ्यांसाठी एकच. फक्त राग, भीती, द्वेष मनात असले की तो पटकन हाती येतो. गुरू योडा आधीच्या भागात ल्यूकला तेच समजावतो: फोर्सची अंधारी बाजू जास्त बलवान नाही, सोपी आहे.

आपल्या पुराणात वेगळंच. भस्मासुराने तप केलं, शंकराने वर दिला. मन कसं आहे, हे कुणी तपासलं नाही.

मला मात्र याच भागाची सुरुवात छळते आहे. ल्यूक मित्राला सोडवायला गुंड जब्बाच्या महालात शिरतो आणि पहारेकऱ्यांचे गळे दुरूनच आवळतो. ही तर व्हेडरची, त्याच्या खलनायक बापाची खूण! हेतू चांगला, माणूस चांगला, तरी हात बापासारखाच उठतो. भाच्याला ते दिसलंच नाही. त्याला ते भारी वाटलं.

का नाही वाटणार? ओरडलं की काम लगेच होतं, हे तो आमच्या घरातही बघतोच. अशा मुलाला हळूहळू येणाऱ्या ताकदीची ओढ कशी लावायची? तुम्ही काय सांगता तुमच्या मुलांना?