माहितीपटाचा नायक एडिट टेबलावर सापडतो

माहितीपटाची पटकथा शूटिंग संपल्यावर लिहिली जाते, आणि ती संकलक लिहितो. संकलक शार्लट झ्वेरिनचं काम बघितलं की हे लख्ख दिसतं. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स या भावांनी घरोघर बायबल विकणाऱ्या चौघांबरोबर फिरून 'सेल्समन' (१९६९) चित्रित केला. चौघांना सारखा वेळ दिला असता तर फिल्म विखुरली असती. टेबलावर गोष्ट पॉल ब्रेननची झाली, ज्याच्या हातून विक्री निसटत चालली आहे. संकलक झ्वेरिनचं नाव दिग्दर्शक म्हणून त्या दोघांच्या बरोबरीनं लागलं, आणि ते योग्यच होतं.

त्यातला आगगाडीचा प्रसंग पुन्हापुन्हा बघावा. पॉल खिडकीशी बसलाय. मधूनच शिकागोची बैठक येते, विक्रेते एकेक करून उठतात आणि यंदा किती कमावणार ते सांगतात. त्यांचा आवाज पॉलच्या चेहऱ्यावर चालू राहतो. त्याच्या मनात काय चाललंय हे कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही, ते या जोडणीतून तयार झालंय. असं करावं का? माझ्या मते, पॉलची ती धास्ती इतर रशेसमध्येही, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रणातही, दिसत असेल तरच.

म्हणून सगळे रशेस आधी एकदा न कापता बघायचे. कुठे लक्ष खिळलं, कुठे उडालं, एवढंच टाइमकोडसह, म्हणजे फुटेजमधल्या नेमक्या वेळेसह, लिहायचं. ती पहिली नजर दुसऱ्यांदा मिळत नाही. मग मुलाखती शब्दशः उतरवायच्या, 'अं' आणि उसाशांसकट. फक्त कागदावर विसंबू नका. "मग काय, दिलं सोडून" हे कोणी हसत म्हणालं की आवंढा गिळत, हे कागद सांगत नाही.

मुलाखत बिघडते ती बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी. "आम्ही तेव्हा तिथेच राहायचो, आणि..." यातलं 'आणि' कापलं तर 'राहायचो'चा सूर वरच लटकतो, वाक्य अर्धवट वाटतं. त्याच माणसानं तोच शब्द दुसरीकडे खाली सूर आणून म्हटलाय का ते शोधा. नसेल तर पुढच्या दृश्याचा आवाज त्या शब्दाखालीच सुरू करा. चित्रावर कटअवे, म्हणजे मधेच दुसरं दृश्य, टाकून हा दोष झाकत नाही, कान तो पकडतोच.

श्वास पुसू नका, कट श्वासाच्या आधी घ्या. सांध्यात त्याच खोलीचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, भरा, नाहीतर तिथे आवाजाला भोक पडल्यासारखं होतं. त्यासाठी शूटिंगवाल्यांकडून प्रत्येक जागेचा किमान ३० सेकंद रूम टोन मागून घ्यायचा, सगळ्यांना गप्प बसवून, पंखा चालू असेल तर चालूच ठेवून.

मोबाइलवरच्या फुटेजचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, अनेकदा कमीजास्त होत राहतो. लांब शॉटमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू फाकतात. प्रोजेक्ट २५ फ्रेमचा असेल तर आवाज-चित्र सिंक करण्याआधीच, म्हणजे जुळवण्याआधीच, तो स्थिर २५ वर आणा, नंतर केलं तर लावलेले सगळे कट सरकतात.