सॉफ्टवेअर फुकट आहे हो, पण साइट सांभाळणार कोण?

बिझनेसची वेबसाइट करायची म्हटलं की लोक आधी विचारतात वर्डप्रेस घेऊ, जूमला घेऊ की ड्रुपल (तिन्ही सीएमएस, म्हणजे लॉगिन करून साइटवरचा मजकूर टाकायची-बदलायची सोय देणारी सॉफ्टवेअर). मी उलट विचारतो, साइट लाइव्ह झाल्यावर लॉगिन करून अपडेट कोण मारणार? कारण इन्स्टॉल करायला अर्धा तास पुरतो, खरी कटकट नंतर सुरू होते. तिघंही पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात, तिघांचं लायसन्स जीपीएल हे ओपन सोर्सवालं, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक पैसा लागत नाही आणि कोड हवा तसा बदलता येतो, हे सगळं खरंच आहे. पण होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), थीम (साइटचं रूप), डेव्हलपरचा वेळ हे काही फुकट नाही ना.

ड्रुपल 7 चंच बघा. 2011 च्या जानेवारीत आलं, लोकांनी मोठमोठ्या साइट्स त्यावर उभ्या केल्या, आणि 5 जानेवारी 2025 ला त्याचा ऑफिशियल सपोर्ट संपला. आता कोणी म्हणेल मग पुढच्या व्हर्जनवर जा की, तर ते एक बटण दाबून होत नाही, 8 पासून आतली सगळी रचनाच बदलली त्यामुळे थीम नव्याने लिहा, स्वतः बनवून घेतलेले मॉड्यूल (जादा सोयींचे जोड-भाग) नव्याने लिहा, डेटा मायग्रेट करा, थोडक्यात नवीन साइटचाच खर्च. आणि उशीर केला तर काय होतं तेही ड्रुपलवाल्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर 2014 मध्ये एक एसक्यूएल इंजेक्शनचं भोक सापडलं (ज्यातून बाहेरचा माणूस साइटच्या डेटाबेसवर हुकूम चालवू शकतो), पॅच म्हणजे दुरुस्तीचा अपडेट आला, आणि ज्यांनी 7 तासांच्या आत तो लावला नाही त्यांनी साइट हॅक झालीच असं धरून चालावं असं खुद्द ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमने सांगितलं. सात तास! तेवढ्यात आपल्याकडे ईमेलसुद्धा कोणी उघडत नाही.

वर्डप्रेसमध्ये छोटे सिक्युरिटी अपडेट 2013 पासून आपोआप होतात त्यामुळे कोअरची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरची, फारशी काळजी नसते, घोळ घालतात ते प्लगिन, म्हणजे वरून टाकायचे जोड-प्रोग्राम. कॉन्टॅक्ट फॉर्मला एक, स्लायडरला एक, पॉपअपला एक, आणि त्यातला एखादा बनवणाऱ्याने कधीच वाऱ्यावर सोडलेला असतो. म्हणून टाकायच्या आधी त्याच्या पानावरची 'लास्ट अपडेटेड' तारीख बघा, वर्ष-दोन वर्षं हालचाल नसेल तर नकोच. आणि पेड प्लगिनची क्रॅक केलेली कॉपी तर चुकूनही टाकू नका, त्यात काय लपवून पाठवलंय ते कळेपर्यंत गुगल तुमच्या नावापुढे भलत्याच औषधांच्या जाहिराती दाखवत असतो.

माझ्या मते छोट्या बिझनेसला वर्डप्रेस पुरतं, एवढ्याचसाठी की हा डेव्हलपर गेला तर दुसरा पटकन मिळतो. फक्त डोमेन, होस्टिंग आणि अ‍ॅडमिन लॉगिन तिन्ही स्वतःच्या नावावर ठेवा, डेव्हलपरच्या नाही. बॅकअप घेताना फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही घ्या (मजकूर डेटाबेसमध्ये असतो, फोटो अपलोड्सच्या फोल्डरमध्ये), आणि तो रिस्टोअर होतो का ते एकदा करून बघा.

बाकी चारच पानं असतील आणि ती वर्षात एकदा बदलत असतील तर सीएमएस कशाला हवंय, साधं एचटीएमएल टाका.